वांगावर ज्येष्ठमध, हळद लावूनही गुण येत नाही. वनस्पतीतलं औषध त्वचेच्या आत पोहोचवण्यासाठी काय करतात?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपासून दोन्ही गालांवर वांग आहे. ज्येष्ठमधाची पूड दुधात कालवून सहा महिने लावलीत, मग हळद, मग आवळ्याचा रस, आणि डाग जिथल्या तिथे. आता दुकानात 'लिपोसोमल', 'नॅनो' असं छापलेल्या बाटल्या दिसतात, त्यांतलं औषध खरंच आत जातं का, असा तुमचा प्रश्न आहे. एम. फार्म.ला माझा प्रकल्प ज्येष्ठमधाच्या अर्कावरच होता आणि आजही मी त्वचेवर लावायच्या औषधांचे फॉर्म्युले बनवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी, औषध पोहोचवायचं कुठे? त्वचेचा रंग मेलॅनोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. त्या बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी बसलेल्या असतात आणि एकेक मेलॅनोसाइट आसपासच्या साधारण 36 पेशींना रंग पुरवते. हा रंग बनवणारं मुख्य विकर (एन्झाइम) म्हणजे टायरोसिनेज. त्याच्या गाभ्यात तांबं असतं. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन, बेअरबेरी नावाच्या झुडपाच्या पानांतलं आर्ब्युटिन, डाळिंबातलं इलॅजिक आम्ल ही सगळी मंडळी या विकराला अडवतात. परीक्षानळीत फार छान अडवतात. चेहऱ्यावर मेलॅनोसाइटपर्यंतचं अंतर जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग आहे. इतक्या जवळ असूनही औषध तिथे जात नाही, कारण वाटेत स्ट्रॅटम कॉर्नियम आहे: मृत पेशींचा 10 ते 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर.

हा थर विटांच्या भिंतीसारखा रचलेला असतो. चपट्या मृत पेशी म्हणजे विटा, आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लं यांचं मिश्रण म्हणजे मधला गारा. औषधाची मुख्य वाट विटांमधून जात नाही, ती या गाऱ्यातून वळणं घेत जाते. गारा तेलकट, त्याखालची जिवंत पेशींची दुनिया पाणथळ. म्हणून तेलात आणि पाण्यात दोन्हीकडे थोडं थोडं विरघळणारा आणि आकाराने लहान असा रेणूच पलीकडे जातो. बॉस आणि माइनार्डी या दोन संशोधकांनी 2000 साली एक ढोबळ नियम मांडला: रेणूचं वजन 500 डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूंचं वजन मोजायचं एकक) वर गेलं की धडधाकट त्वचेतून तो जाणं अवघड. आमच्या धंद्यात हा नियम सगळ्यांना पाठ असतो.

आता तुमचा ज्येष्ठमधाचा लेप या नियमावर घासून बघा. ज्येष्ठमध गोड लागतो तो ग्लायसिऱ्हायझिनमुळे. त्याचं वजन 823 डाल्टन, म्हणजे आत जायची आशा फारशी नाही. डागांवर ज्याचं काम आहे ते ग्लॅब्रिडिन 324 डाल्टनचं, आकाराने बसतं; पण मुळीत ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दुधात कालवल्यावर पुडीतून बाहेर आलं ते मुख्यतः गोड, जड, पाण्यात उतरणारं द्रव्य. हवं होतं ते मुळीच्या भुश्यातच अडकून राहिलं आणि लेप धुताना मोरीत गेलं. तुमच्या सहा महिन्यांच्या चिकाटीत काहीही खोट नव्हती. लेपात औषध मोकळंच झालं नव्हतं.

हळदीचं दुखणं निराळं. कर्क्युमिन 368 डाल्टनचं, तेही पाण्यात न विरघळणारं, शिवाय फार नाजूक. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे आपल्याकडे कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अल्कली लागला की कर्क्युमिनचं रूपच बदलतं. चुन्याइतकंही लागत नाही. प्रयोगशाळेत 7.2 पीएचच्या (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; 7 च्या खाली आंबट, वर अल्कली) साध्या द्रावणात, 37 अंशांवर, ते अर्ध्या तासात सुमारे नव्वद टक्के नाहीसं होतं. उजेडातही टिकत नाही. हळदीत खायचा सोडा घालून लावा असं सांगणारे व्हिडिओ मी पाहते तेव्हा जीव तुटतो, कारण त्यात औषधही मरतं आणि त्वचेचा स्वतःचा आंबटपणाही, जो 5 पीएचच्या आसपास असायला हवा, बिघडतो.

आवळ्याबद्दल थोडक्यात. क जीवनसत्त्व 176 डाल्टनचं, लहान. पण पाणी पुरेसं आंबट नसेल तर त्याच्यावर विद्युतभार असतो आणि भारित रेणूला तेलकट गारा आत घेत नाही. 2001 साली डुकराच्या त्वचेवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की द्रावणाचा पीएच 3.5 च्या खाली हवा, आणि प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत वाढवलं तर आत जाणारं प्रमाण वाढतं, त्यापुढे उलट घटतं. शंभर ग्रॅम आवळ्यात हे जीवनसत्त्व अर्धा-पाऊण ग्रॅम, म्हणजे एक टक्काही नाही. आवळा खा, तो खाण्यासाठीच उत्तम.

आता वाट मोकळी करायची कशी? लोकांना वाटतं, तेलात विरघळणारं औषध असेल तर तेलात घालावं, संपलं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण ज्या बेसमध्ये, म्हणजे औषध ज्यात कालवतात त्या तेलात किंवा क्रीममध्ये, औषध सुखाने विरघळून बसतं, तिथून ते हलायला तयार नसतं. हिगुची यांनी 1960 च्या सुमारास हे गणितात मांडलं: औषधाला बेस सोडून त्वचेत जायला लावायचं, तर बेसमध्ये त्याची दाटी हवी, जवळजवळ आता आणखी मावणार नाही इतकी. एकाच प्रमाणात एकच औषध घातलेल्या दोन क्रीमचा गुण अगदी वेगळा येतो तो यामुळे. बाटलीवरचा टक्का वाचून निर्णय घेणाऱ्यांना मी हेच सांगते की टक्का म्हणजे बाटलीत किती आहे; त्वचेत किती उतरेल हे बेस ठरवतो.

माझ्या प्रकल्पात आम्ही ग्लॅब्रिडिन जास्त असलेला अर्क घेतला आणि बेससाठी कोकमाचं तेल निवडलं. कोकणात ज्याला मुठेल म्हणतात, टाचांच्या भेगांना लावतात, तेच. कोकमाचं तेल खोलीत घट्ट असतं आणि साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे त्वचेच्या 32 अंशांवर घट्टच राहतं. ते वितळवून त्यात थोडं पातळ तेल आणि अर्क मिसळायचा, गरम पाण्यात सर्फॅक्टंटबरोबर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं द्रव्य) घुसळायचं, मग सोनिकेटरने, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्राने, कण बारीक करायचे. थंड झालं की काहीशे नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) मेदाचे कण तयार. पातळ तेल मुद्दाम घालायचं, कारण नुसता घट्ट मेद गोठताना इतका व्यवस्थित रचला जातो की आतल्या औषधाला बाहेर ढकलून देतो. रचना जरा विस्कळीत राहिली की औषधाला आत जागा मिळते. याला एनएलसी म्हणतात, नॅनोस्ट्रक्चर्ड लिपिड कॅरिअर.

आमचं कॉलेज मराठवाड्यात. मे महिन्यात एका रात्री वीज गेली, फ्रीज बंद पडला, आणि सकाळी बाटलीत दुधाऐवजी खव्यासारखा गोळा. कण वितळले, एकमेकांना चिकटले, पुन्हा गोठले. सहा आठवड्यांचं काम गेलं. त्या दिवशी एक गोष्ट कायमची कळली: प्रयोगशाळेत 25 अंशांवर सुंदर दिसणारा फॉर्म्युला परभणीच्या उन्हाळ्यातल्या घरात टिकला नाही तर तो फॉर्म्युलाच नाही. पुढे आम्ही जास्त तापमानाला वितळणारा मेद मिसळला.

औषध आत गेलं का, हे बघायला फ्रान्झ सेल वापरतात. काचेचं एक छोटं पात्र, वर औषध, मध्ये त्वचेचा तुकडा, खाली द्रावण (बफर). भोवती 37 अंशांचं पाणी फिरतं. त्वचा म्हणून आम्ही बकऱ्याचा कान वापरायचो. सकाळी सातला मटणाच्या दुकानातून कान आणायचे, केस काढायचे, आतली चरबी खरवडायची. पहिल्या प्रयोगात बारा तासांनंतरही खालच्या द्रावणात ग्लॅब्रिडिन शून्य. दुसऱ्यांदाही शून्य. मी खचले होते. सरांनी विचारलं, "खालच्या बफरमध्ये ते विरघळतं तरी का?" नव्हतंच विरघळत, थोडं अल्कोहोल घालावं लागलं. मग आकडे आले, पण अगदी बारीक. तेव्हा सरांनी तो तुकडा फेकू दिला नाही. त्यावर चिकटपट्टी लावून वीस वेळा ओढली, म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम निघून आलं; उरलेली त्वचा बारीक चिरून मेथॅनॉलमध्ये काढली आणि दोन्ही एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातलं एकेक द्रव्य मोजणाऱ्या यंत्रावर, लावलं. साध्या क्रीममधलं औषध जवळपास सगळं पट्ट्यांवर होतं. एनएलसीमधलं बरंचसं पट्ट्यांखालच्या त्वचेत उतरलं होतं.

मला या विषयात सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं, ते त्या संध्याकाळी उमगलं. वांगाच्या औषधाला त्वचेच्या पार जायचंच नाही. पार गेलं तर ते रक्तात जातं, आणि तिथे त्याचं काम नाही. त्याला बाह्यत्वचेच्या तळाशी जाऊन थांबायचं आहे. 'खोलवर जातं' असं ज्या जाहिराती अभिमानाने सांगतात, त्यांना विचारायला हवं की किती खोल आणि कशासाठी.

मग 'नॅनो'चं काय? ते कण आख्खेच्या आख्खे भिंत भेदून आत शिरतात हा समज चुकीचा आहे. धडधाकट त्वचेतून घन कण सहसा आख्खे जात नाहीत. ते पृष्ठभागावर पातळ थर धरतात, पाणी उडू देत नाहीत, त्वचा ओलसर राहते, गारा सैल होतो आणि औषध हळूहळू सुटून आत उतरतं. दुसरी वाट केसांच्या मुळांची. बर्लिनमधल्या संशोधकांनी दाखवलं की काहीशे नॅनोमीटरचे कण केसांच्या छिद्रांत साठतात आणि चोळल्यावर जास्त आत जातात, कारण केस हलला की तो कण आत ढकलतो.

हे वाचताना मला सुश्रुतसंहितेतला लेपाचा भाग आठवला. सूत्रस्थानात सांगितलंय की लेप केसांच्या उलट दिशेने लावावा, म्हणजे औषध रोमकूपांत शिरतं. आणि तो वाळू लागल्यावर अंगावर तसाच ठेवू नये. रोमकूपांची वाट आणि ओलाव्याचं महत्त्व, दोन्ही तिथे आहे. आपण मात्र मुलतानी मातीचा लेप चेहरा ताणून तडकेपर्यंत वाळवतो. वाळलेल्या लेपातून औषध आत जाणं थांबतं आणि माती त्वचेतलं पाणी ओढून घेते.

लिपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिड या मेदाच्या अतिसूक्ष्म पोकळ गोळ्या. आर्ब्युटिनसारख्या पाणीप्रिय रेणूला त्यांचा उपयोग होतो, पाणी पोटात आणि कवच तेलकट. त्यात 20 ते 45 टक्के अल्कोहोल घातलं की इथोसोम, जे जेरुसलेमच्या एल्का तुइतू यांनी पुढे आणलं. अल्कोहोल गारा सैल करतं आणि गोळीही लवचीक होते. प्रयोगशाळेत इथोसोमचे आकडे नेहमी देखणे येतात. तरी चेहऱ्याच्या वांगासाठी माझी पसंती त्यांना नाही.

कारण आपली त्वचा. सावळ्या त्वचेला जरा आग झाली, जळजळ झाली, की ती बरी होताना काळा डाग सोडून जाते. बिब्बा उतला की महिनोन्‌महिने राहणारा डाग गावाकडे सगळ्यांनी पाहिलेला असतो. औषध आत घालण्यासाठी आपण भिंत जितकी मोडू, तितकी जळजळ; आणि जळजळीतून नवा रंग. वांग असलेल्या त्वचेची भिंत आधीच थोडी कमजोर असते. म्हणून दुप्पट औषध पोहोचवणारा पण चुरचुरणारा बेस आणि थोडं कमी पोहोचवणारा पण शांत बेस, यांत मी दरवेळी शांत बेस निवडते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. बार्शीकडच्या माझ्या मावशीला शेतातल्या उन्हाने वांग आला. गावातल्या मेडिकलमधून कोणाच्या तरी सांगण्यावरून एक ट्यूब आणली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड. हे त्रिकूट 1975 साली क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलं, आणि पोहोचवण्याच्या दृष्टीने ते हुशारीचं आहे: ट्रेटिनॉइन वरचा थर पातळ करतं, रंग बनणं अडवणाऱ्या हायड्रोक्विनोनला वाट मिळते, स्टिरॉइड जळजळ दाबतं. डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवडे वापरायचं हे औषध मावशीने तीन वर्षं लावलं. चेहरा लाल, शिरा दिसायला लागल्या, थांबवलं की आग आणि वांग पहिल्याहून गडद. 2018 मध्ये सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली, पण गावात ट्यूब आजही सहज मिळते. तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर ती एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून बंद करा.

'वनस्पतीचं आहे, आत गेलं तर चांगलंच' असं वाटणाऱ्यांसाठी जपानची गोष्ट. ऱ्होडोडेंड्रॉल हा झाडांच्या सालीत सापडणारा रेणू, 166 डाल्टनचा, सहज आत जाणारा. 2 टक्के प्रमाणात रंग उजळण्याच्या क्रीममध्ये वापरला गेला. जुलै 2013 मध्ये ती उत्पादनं बाजारातून परत घ्यावी लागली, कारण सुमारे 19 हजार जणांच्या त्वचेवर कोडासारखे पांढरे डाग पडले. टायरोसिनेज त्याला अडत नव्हतं; त्याचं विषारी द्रव्यात रूपांतर करत होतं आणि मेलॅनोसाइटच मरत होत्या. औषध अगदी योग्य जागी पोहोचलं होतं.

डर्मारोलरबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. त्या रोलरच्या बारीक सुयांनी भिंतीला भोकं पाडली की काहीही आत जातं, हे खरं. पण 'काहीही' मध्ये सुगंधी द्रव्यं, अर्कातली प्रथिनं, जंतू सगळं येतं. अमेरिकेत 2014 मध्ये सुयांनंतर क जीवनसत्त्वाचं सीरम लावलेल्या रुग्णांच्या चेहऱ्यावर गाठी आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. क्लिनिकमध्ये, निर्जंतुक द्रावण घेऊन, प्रशिक्षित हातांनी होत असेल तर गोष्ट वेगळी. घरी नको. वाफ घेऊन औषध लावायचंही नको. वाफेने त्वचा ओली होऊन औषध जास्त जातं, पण उष्णतेने वांग वाढतो. आणि लिंबू तर मुळीच नको. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरानोकौमरिन नावाची द्रव्यं असतात, ती अंगावर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे काळे डाग उठतात.

तुमच्या जागी मी असते तर घरचे लेप थांबवले असते आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांना चेहरा दाखवला असता. रंग बाह्यत्वचेत आहे की खाली उतरलाय हे ते वूड्स लॅम्प (अतिनील किरणांचा दिवा) किंवा डर्मोस्कोपने (त्वचेवर धरायचं भिंग) पाहतात. आपल्या रंगाच्या त्वचेत दिवा नेहमी स्पष्ट सांगत नाही, तरी अंदाज येतो. रंग खालच्या थरात गेला असेल तर टायरोसिनेज अडवणारं कुठलंही औषध, कितीही सुंदर बेसमध्ये, तो बाहेर काढू शकत नाही, आणि मग अपेक्षा त्या मानाने ठेवायची. रंग वर असेल तर अ‍ॅझेलाइक आम्लाबद्दल जरूर विचारा. गहू, बार्लीत आढळणारा 188 डाल्टनचा हा रेणू 15 टक्के जेल किंवा 20 टक्के क्रीममध्ये औषध म्हणून मिळतो आणि त्याच्या बेसवर बरंच काम झालेलं आहे. सुरुवातीला थोडं खाजतं. एक दिवसाआड लावून सवय करता येते.

ज्येष्ठमधच हवा असेल तर पूड नको, ग्लॅब्रिडिनचं प्रमाण लिहिलेला अर्क असलेलं उत्पादन घ्या. बाटली अपारदर्शक, पंपाची, सुगंध नसलेली. आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज लावून बघा. मग अंघोळीनंतर चेहरा किंचित ओलसर असतानाच लावा, हलक्या बोटांनी, न घासता. बाह्यत्वचा नवी व्हायला महिन्याच्या वर लागतो, म्हणून आठ ते बारा आठवड्यांआधी निकाल ठरवू नका. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा. आरशात रोज बघून फरक कळत नाही.

आणि दिवसा सनस्क्रीन, आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे ज्याला त्वचेच्या रंगाची छटा असते ते. नुसत्या पांढऱ्या सनस्क्रीनने अतिनील किरण अडतात, पण सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग वाढवतो, आणि तो अडवायला ही छटा लागते. मावशीला तीन वर्षांच्या ट्यूबनंतर डॉक्टरांनी पहिले चार महिने बाकी काहीच दिलं नाही. एवढंच सनस्क्रीन, साधं मॉइश्चरायझर आणि शेतात जाताना तोंडावर ओढून घेतलेला सुती पदर. आग थांबली, मग अ‍ॅझेलाइक सुरू झालं. वांग पूर्ण गेलेला नाही, पण गेल्या दिवाळीत तिने फोटोसाठी पदर मागे घेतला.